सोयाबीनची पेरणी केव्हा करावी?

शेतीच्या सर्व कामांत पेरणीचे काम असे आहे की, ते एकदा केले म्हणजे मागे घेता येत नाही. खत कमी पडले तर पुढे घालता येते, तण माजले तर खुरपून काढता येते. परंतु जमिनीत पडलेले बी परत पोत्यात भरता येत नाही. ज्या दिवशी तिफण चालते, त्याच दिवशी त्या पिकाचे फूल केव्हा उमलणार, शेंग केव्हा धरणार आणि दाणा केव्हा भरणार हे बहुतांशी ठरून जाते. त्या त्या वेळी आकाशात पाऊस असेल काय व जमिनीत ओल असेल काय, ह्यावर घरात येणारे धान्य अवलंबून असते. माळव्यातील असंख्य कुटुंबांचे वर्षाचे देणेघेणे, मुलांची फी, पुढील रब्बीचे बियाणे, हे सारे सोयाबीनच्या पैशावर चालते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरची शेती देवास, धार, उज्जैनकडे आहे. त्यांना हा प्रश्न निराळा समजावून सांगावयास नको. तथापि त्यामागील कारणपरंपरा सर्वांनाच ठाऊक असते असे नाही. ती सोप्या रीतीने मांडावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ह्या पिकाची थोडी ओळख करून घेऊ. सोयाबीन हे मूळचे चीनकडील कडधान्य. त्याच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व सुमारे २० टक्के तेल असते. मध्य भारतात काळ्या दाण्याचे सोयाबीन ‘काळी तूर’ ह्या नावाने पूर्वीपासून थोडेफार परिचित होते. परंतु मोठ्या प्रमाणावर त्याची लागवड सुरू झाली ती १९६०-७० नंतर. १९६७ साली सोयाबीनसंबंधीची अखिल भारतीय समन्वित संशोधन योजना सुरू झाली आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने ह्या कामात मोठा वाटा उचलला. १९८७ साली ह्या पिकाची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्या इंदुरातच स्थापन झाली. तत्पूर्वी माळव्यातील पुष्कळशी काळी जमीन पावसाळ्यात पडीत ठेवीत आणि तीत मुरलेल्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घेत. सोयाबीनने तो रिकामा पावसाळा भरून काढला. एका पिकाची जमीन दोन पिकांची झाली, ही ह्या भागाच्या अर्थजीवनातील लहान गोष्ट नव्हे.

आता पाण्याकडे वळू. वनस्पतीला पाणी कशासाठी लागते? आपल्या अन्नासाठी वनस्पती पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतील कर्बवायू आत घेते. ही रंध्रे उघडली की आतील पाण्याची वाफ बाहेर जाते. म्हणजे वाफेच्या रूपाने पाणी देणे ही अन्न मिळविण्याची किंमतच होय. मुळांना पाणी मिळेनासे झाले की झाड स्वतःच्या रक्षणार्थ रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते खरे, परंतु त्याबरोबर अन्न तयार होण्याचे कामही थांबते. ह्या स्थितीला पिकावरील पाण्याचा ताण असे म्हणतात. सोयाबीनच्या बाबतीत आणखी एक हानी होते. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. हे काम कोरडेपणाला फार लवकर बळी पडते. पाने कोमेजलेली दिसण्यापूर्वीच गाठींचे काम मंदावलेले असते.

ह्याचा हिशेब अंकांत मांडून पाहू. पूर्ण वाढलेले पीक उघडिपीच्या दिवसांत दररोज सुमारे ५ मिलीमीटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडते. एका हेक्टरवर १ मिलीमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. तेव्हा ५ मिलीमीटर म्हणजे दररोज ५०,००० लिटर झाले. हे पाणी येते जमिनीतील साठ्यातून. चांगली खोल काळी जमीन एक मीटर खोलीत पिकाला घेता येण्याजोगे सुमारे २०० मिलीमीटर पाणी धरून ठेवू शकते. मुळे ६० सेंटीमीटर खोल गेली असतील तर त्यांच्या वाट्यास सुमारे १२० मिलीमीटर येते. परंतु साठा निम्मा संपला की सोयाबीनला ताण जाणवू लागतो. म्हणजे निर्धास्तपणे वापरावयास ६० मिलीमीटर, अर्थात पाऊस थांबल्यापासून सुमारे बारा दिवस. आता टेकडीच्या उतारावरील हलकी, मुरमाड जमीन घ्या. तिथे मुळांना ३० सेंटीमीटरच माती मिळाली आणि तीत ४५ मिलीमीटर पाणी मावले, तर निर्धास्तपणाचे दिवस चार ते पाचच उरतात. एकाच गावात, एकाच दिवशी पेरलेल्या दोन शेतांपैकी एक हिरवे राहते व दुसरे मान टाकते, त्याचे रहस्य हेच.

ताण केव्हाही वाईटच. परंतु तो सर्व वयांत सारखा वाईट नसतो. रोप लहान असता दहाबारा दिवसांची उघडीप पडली तर बऱ्याच वेळा पीक ती सोसते. किंबहुना ओलीच्या शोधात मुळे अधिक खोल जातात व पुढे त्याचा उपयोगच होतो. फुलोऱ्याच्या वेळी ताण पडला तर फुले गळतात. पण सोयाबीनला फुले पुष्कळ दिवस येत राहतात आणि एरवीही त्यांतील निम्म्याहून अधिक फुले गळूनच जातात. म्हणून पाऊस परतला तर मागून येणारी फुले ती उणीव काही अंशी भरून काढतात. शेंगा धरून दाणे भरू लागले म्हणजे मात्र हा मार्ग बंद होतो. ह्या वेळी पाणी तुटले तर शेंगा गळतात, राहिलेल्या शेंगांतील दाणे बारीक व सुरकुतलेले राहतात, आणि नंतर कितीही पाऊस पडला तरी झालेली हानी भरून येत नाही. तेव्हा पेरणीची तारीख निवडणे म्हणजे खऱ्या अर्थाने दाणे भरण्याचे दिवस निवडणे होय.

माळव्याचा पाऊस कसा असतो ते आता पाहू. इंदूरला वर्षास सरासरी सुमारे ९०० ते १००० मिलीमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत येतो. जूनच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस स्थिरावतो, जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा भर असतो आणि सप्टेंबर सरत आला की तो परतू लागतो. आपले शेतकरी हे गणित नक्षत्रांनी करीत आले आहेत. नक्षत्रे सूर्याच्या स्थितीवरून ठरत असल्याने ती दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतात : मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, मघा १६-१७ ऑगस्टला, उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास आणि हस्त २६-२७ सप्टेंबरला. ही उत्तम दिनदर्शिका आहे. पण पाऊस मात्र तिला विचारून पडत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आता ९५ दिवसांत तयार होणारा सोयाबीनचा एक वाण कल्पू. त्याला सुमारे ३८ व्या दिवशी फूल येते आणि ५५ व्या दिवसापासून ८० व्या दिवसापर्यंत त्याचे दाणे भरतात असे समजू. हा वाण २५ जून रोजी, म्हणजे आर्द्रा नक्षत्रात पेरला, तर २ ऑगस्टच्या सुमारास फुलोरा येईल, १९ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर दाणे भरतील आणि २८ सप्टेंबरला पीक काढणीस येईल. दाणे भरण्याचा काळ मघा व पूर्वा नक्षत्रांत पडला. तेव्हा पाऊस बहुधा असतो व जमीनही भरलेली असते. काढणीच्या वेळी पाऊस ओसरू लागलेला असतो. हाच वाण १५ जुलै रोजी पेरला, तर दाणे भरण्याचा काळ ८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर असा येतो. म्हणजे पिकाला पाण्याची सर्वांत मोठी गरज उत्तरा व हस्त नक्षत्रांत, आणि पाऊस मात्र निरोप घेण्याच्या बेतात! केवळ वीस दिवसांच्या विलंबाने हा फरक पडतो.

प्रत्यक्षात उशिरा पेरलेले पीक ह्या हिशेबापेक्षा काही दिवस आधीच फुलते व पिकते, आणि ह्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. अमेरिकेत गार्नर व ॲलर्ड ह्या दोन शास्त्रज्ञांनी सोयाबीनचा एक वाण काही दिवसांच्या अंतराने निरनिराळ्या तारखांना पेरून पाहिला. आधी पेरलेली व नंतर पेरलेली झाडे फुलली मात्र जवळजवळ एकाच वेळी! असे का व्हावे? अधिक प्रयोगांती त्यांच्या ध्यानात आले की, झाड आपले वय मोजीत नाही, तर दिवस-रात्रीची लांबी मोजते. हा शोध त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केला. सोयाबीन हे लहान दिवसांचे पीक आहे. दिवस लहान होऊ लागले की त्याला फुलण्याची घाई होते. इंदूरला २१ जूनच्या सुमारास दिवस साडेतेरा तासांचा असतो, सप्टेंबरच्या २३ तारखेच्या सुमारास तो बारा तासांवर येतो. उशिरा पेरलेल्या रोपाला अंग धरण्यापूर्वीच फुलण्याची सूचना मिळते. झाड ठेंगणे राहते, पाने कमी येतात, शेंगा कमी धरतात. म्हणजे उशीर करणाऱ्याचे दोन्हीकडून नुकसान : झाडही लहान आणि पाणीही अपुरे.

मग शक्य तितक्या लवकर पेरावे काय? येथेच पुष्कळांची फसगत होते. मृगाची एक जोराची सर येते, मातीचा सुगंध सुटतो, शेजाऱ्याची तिफण चाललेली दिसते आणि मन धीर धरीत नाही. परंतु उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात हात खोल भेगा पडलेल्या असतात. पहिले एकदोन पाऊस त्या भेगांत जिरतात, तापलेल्या मातीतून पुष्कळसे पाणी वाफ होऊन जाते, आणि वरवर ओली दिसणारी जमीन आत कोरडीच असते. सोयाबीनचे बी उगवण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या सुमारे निम्मे पाणी शोषून घेते. मक्याच्या दाण्याला त्याहून पुष्कळ कमी पुरते. शिवाय सोयाबीनचे बी २ ते ३ सेंटीमीटर खोलीवरच पेरावे लागते आणि नेमका हाच थर सर्वांत आधी सुकतो. बी फुगून अंकुर फुटला आणि मग आठदहा दिवस ऊन तापले, तर तो अंकुर जमिनीतच मरतो. जो बाहेर येऊ पाहतो त्याला वाळलेल्या मातीची कठीण पापडी वाट देत नाही. मग दुबार पेरणी! हेक्टरी ६० ते ८० किलो बियाणे पुन्हा विकत घ्यावयाचे, मजुरी पुन्हा द्यावयाची आणि तोवर तारीखही पुढे सरकलेली. लवकर पेरण्याच्या हौसेतून उशिराची पेरणी जन्मास येते, असा हा विपरीत प्रकार आहे.

म्हणूनच सोयाबीनचे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत की, सुमारे १०० मिलीमीटर, म्हणजे चार इंच पाऊस पडून गेल्याखेरीज पेरणी करू नये. एवढ्या पावसाने भेगा बुजू लागतात, वरची ओल खालच्या ओलीला मिळते आणि मध्ये काही दिवस उघडीप पडली तरी रोपाचे मूळ ओलीच्या मागोमाग खाली जाऊ शकते. ही अट पुरी झाली आणि वाफसा आला, म्हणजे जमीन चिखल न राहता तिफणीला वाट देऊ लागली, की मग मात्र एक दिवसही दवडू नये. मध्य भारतासाठी जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ योग्य मानला जातो. थोडक्यात, तारीख दोन गोष्टींनी मिळून ठरते : पंचांग खिडकी दाखविते आणि जमिनीतील ओल ती उघडते.

अति लवकर पेरणीत आणखी एक धोका असतो. १० जूनला पेरलेला ८५ दिवसांचा वाण ३ सप्टेंबरला पिकेल. तेव्हा ताणाचे भय नसले तरी भर पावसात काढणी करावी लागेल. शेंगा भिजतील, दाणे काळे पडतील, प्रसंगी शेंगेतच कोंब फुटतील. २०१९ च्या सप्टेंबरात पश्चिम मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, मंदसौर व नीमच जिल्ह्यांत पूर आले आणि उभ्या सोयाबीनची हानी झाली. उलट २०२३ सालचा ऑगस्ट हा भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशात त्या महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी पडला, आणि तोही नेमका शेंगा धरण्याच्या दिवसांत. अशी ही दोन वर्षे शेजारी ठेवली म्हणजे कळते की, दरवर्षी हमखास यश देणारी एकच तारीख अस्तित्वात नाही. चांगली तारीख म्हणजे जी दहांतील अधिक वर्षांत साथ देईल ती.

मग उरलेल्या वर्षांचे काय? ह्यावर सुज्ञ शेतकऱ्याचे उत्तर असे की, सर्व धान्य एका कणगीत ठेवू नये. आज निरनिराळ्या मुदतींचे वाण उपलब्ध आहेत. ‘जेएस ९५-६०’ हा सुमारे ८५ दिवसांत येतो, ‘जेएस ९३-०५’ सुमारे ९० ते ९५ दिवसांत, तर इंदूरच्या संस्थेतच तयार झालेला ‘एनआरसी ३७’, ज्याला ‘अहिल्या ४’ असे आपल्या आवडीचे नाव आहे, तो सुमारे शंभर दिवस घेतो. आपल्या शेतात दोन-तीन मुदतींचे वाण विभागून पेरले म्हणजे सर्वांचे दाणे एकाच आठवड्यात भरत नाहीत. एखादा खंड पडला तरी सारे पीक एकदम सापडत नाही. हलक्या जमिनीत लवकर येणारा वाण व खोल काळ्या जमिनीत अधिक मुदतीचा वाण, ही वाटणी तर वर मांडलेल्या हिशेबावरूनच निघते. पावसानेच उशीर केला तर लवकर येणारा वाण घ्यावा आणि झाडे लहान राहणार हे ओळखून दोन ओळींतील अंतर नेहमीच्या ४५ सेंटीमीटरांवरून ३० सेंटीमीटरांवर आणावे, म्हणजे मोकळी जमीन लवकर झाकली जाते.

हा विचार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात पूर्वी मे-जूनमध्ये उशिरा पिकणारे वाण पेरीत आणि जुलै-ऑगस्टच्या कोरड्या उन्हात त्या पिकाचे दाणे सुकत. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील संशोधकांनी लवकर पिकणारे वाण एप्रिलमध्येच पेरण्याची पद्धत रूढ केली. वसंतातील ओल वापरून दुष्काळी दिवसांपूर्वीच पीक हातचे होऊ लागले. त्यांचा एप्रिल आणि आपला जून ह्यांत साम्य नाही. साम्य आहे ते तत्त्वात. पिकाचा नाजूक काळ आणि जमिनीच्या ओलीचा काळ ह्यांची गाठ घालून द्यावयाची, हे ते तत्त्व होय.

तारखेच्या जोडीला जमिनीची मशागतही हवी. सरी-वरंब्यावर किंवा रुंद वाफा व सरी ह्या पद्धतीने पेरणी केली तर अतिवृष्टीचे पाणी सरीतून निघून जाते आणि कमी पावसात तीच सरी पाणी मुरविते. कोळपणीने तण जाते, भेगा बुजतात व वरची भुसभुशीत माती ओलीवर पांघरुणासारखी पडते. शेणखत व कंपोस्ट ह्यांनी जमिनीची पाणी धरण्याची शक्ती वाढते. आणि कंपोस्टची जगप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ सर अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी आपल्याच शहरात, १९२४ साली स्थापन झालेल्या संस्थेत, सिद्ध केली, ह्याचा आपणांस विसर पडू नये. शेततळ्यात पाणी असेल तर दाणे भरताना दिलेली एक पाळी पुष्कळ काम करून जाते.

आमच्या विद्यार्थी-वाचकांनी ह्यात काय करावे? करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यास खर्चही नाही. सरळ भिंतींचा एक डबा मोकळ्या जागी सपाट ठेवावा, दररोज सकाळी ठराविक वेळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजावी आणि वहीत तारखेसमोर लिहावी. दहा मिलीमीटर उंची म्हणजे दहा मिलीमीटर पाऊस. डबा लहान की मोठा ह्याने फरक पडत नाही. जूनमधील आकड्यांची बेरीज शंभरावर केव्हा गेली ते पाहावे. कुदळीने वीतभर खड्डा घेऊन मातीचा गोळा वळतो की ढेकूळ फुटते तेही पाहावे. ज्यांची शेते आहेत त्यांनी पेरणीची, फुलाची, पहिल्या शेंगेची व काढणीची तारीख त्याच वहीत नोंदवावी. अशी पाचसात वर्षांची वही एखाद्या घरात असली, तर आपल्याच शेताला कोणती तारीख मानवते ह्याचे उत्तर तीत सापडेल. हवामान विभागाचा अंदाज जिल्ह्याचा असतो, शास्त्रज्ञांची शिफारस प्रदेशाची असते. पण बांधाच्या आतील पावसाची व ओलीची नोंद त्या घरानेच ठेवावी लागते.

पावसावर मनुष्याचा ताबा नाही, हे खरे. परंतु पाऊस येईल तेव्हा आपले पीक कोणत्या वयाचे असावे, हे ठरविणे काही अंशी त्याच्या हाती आहे. तिफण जुंपण्यापूर्वी ढगांकडे जसे पाहावयाचे तसेच मातीकडे व दिनदर्शिकेकडेही पाहावयाचे, एवढी सवय जडली तरी दुबार पेरणीचे किती तरी प्रसंग टळतील. ज्या घरात पावसाची वही शाळेत जाणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातची असेल, त्या घरात पेरणीच्या दिवशी वडील माणसे त्या मुलाचे मत विचारतील, ह्याविषयी आम्हांस शंका वाटत नाही.